आईने तांदळाच्या डब्यात लपवलेली गोळी

कोपरखैरण्याहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६८ वर्षांचे आहेत. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून पोती वाहण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गुडघे पार कामातून गेलेत. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी वर्षभर रोज दोनदा घेत होते. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला, त्याची ॲस्पिरिन चालू होती. गेल्या महिन्यात चार दिवस त्यांना संडासला काळं होत होतं, पण कुणाला बोलले नाहीत. शनिवारी रात्री बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले आणि उलटी झाली ती चहाच्या चोथ्यासारखी. जवळच्या हॉस्पिटलात नेलं. हिमोग्लोबिन ६.२ होतं. रात्रभर सलाईन आणि दोन पिशव्या रक्त दिलं, दुर्बीण मात्र सकाळी साडेनऊला घातली. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर निघाला. इंजेक्शन देऊन दोन क्लिपा लावल्या. सहाव्या दिवशी घरी सोडलं. भाऊ म्हणतो, तुम्ही रात्र वाया घालवलीत, सरळ मुंबईत परळच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायचं. शेजारच्या काकांना रबर बँड लावले होते, मग आबांना क्लिपा का? त्या आता पोटातच राहणार का? आईने घाबरून ॲस्पिरिन तांदळाच्या डब्यात लपवलीय, दहा दिवस दिलेली नाही. दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटं मात्र टीव्हीखालच्या खणात तशीच आहेत. आईच्या मते हे सगळं ठेच्यामुळे झालं. पुन्हा असं होईल का, या भीतीने मला झोप लागत नाही."

ताई,

तुमच्या प्रश्नांचा क्रम मी बदलते. डब्यातली गोळी आधी, बाकीचं नंतर.

आबांचं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर ॲस्पिरिनबद्दल काय लिहिलंय ते बघा. मग त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना आणि ज्यांनी दुर्बीण घातली त्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा, की दहा दिवस गोळी दिलेली नाही. ओपीडीच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाची ॲस्पिरिन रक्तस्रावानंतर काही दिवसांतच परत सुरू करायची असते, सोबत पोटातलं ॲसिड कमी करणारी गोळी देऊन. हे नुसतं माझं मत नाही. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अल्सरमधून रक्त गेलेल्या, पण हृदयासाठी किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी ॲस्पिरिन लागणाऱ्या १५६ जणांवर हेच तपासलं होतं. दुर्बिणीने रक्त थांबवल्यावर निम्म्यांना ॲस्पिरिन लगेच सुरू केली, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी दिली. सगळ्यांना ॲसिडचं औषध होतंच. २०१० साली निष्कर्ष आले. पुन्हा रक्त जाण्याचं प्रमाण ॲस्पिरिनवाल्यांत थोडं जास्त दिसलं, १०० मागे १०, तर दुसरीकडे ५. पण आठ आठवड्यांत दगावलेल्यांचा आकडा बघा: ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १०० मागे १, न घेणाऱ्यांत जवळपास १३.

आईंना रागावू नका. रक्ताची उलटी डोळ्यांनी बघितलेल्या बाईने "रक्त पातळ करणारी" गोळी लपवली, यात तिची माया आहे. फक्त लपवायची होती ती दुसरी गोळी, आणि ती अजून टीव्हीखाली हाताशी आहे. हे उत्तर वाचून झालं की तो खण रिकामा करा.

तुमच्या वडिलांसारखे गुडघे मी इथे ठाण्यात रोज बघते. पन्नास-पन्नास किलोची पोती वर्षानुवर्षं पाठीवर घेतली की सांधे झिजणारच. मेडिकलच्या काउंटरवर "गुडघ्यासाठी काहीतरी द्या" म्हटलं की हातात येतं ते बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन, कधी एकटं, कधी पॅरासिटामॉलच्या जोडीने. जठराच्या आणि आतड्याच्या आतल्या पातळ त्वचेवर चिकट स्रावाचा थर असतो, तो तिला ॲसिडपासून वाचवतो. तो थर टिकवणारी जी द्रव्यं शरीर तयार करतं, नेमकी तीच या गोळ्या बंद पाडतात. दुखणं थांबतं त्याच कारणाने पोटाचं कवच जातं. गोळीऐवजी इंजेक्शन घेतलं तरी औषध रक्तातून तिथे पोहोचतंच, त्यामुळे "इंजेक्शनने पोटाला त्रास नाही" हा समज सोडून द्या. त्यात ॲस्पिरिनची भर पडली की धोका आणखी वाढतो. ॲस्पिरिनही पोटाला निरुपद्रवी नाहीच, पण ती आबांच्या हृदयाची गरज आहे आणि तिला सांभाळून घेता येतं. दुखण्याच्या गोळीला पर्याय आहेत.

ठेच्याची मात्र सुटका करा. तिखटाने छातीत जळजळ होईल, पण अल्सर पडण्यामागे मुख्य कारणं दोनच: या दुखण्याच्या गोळ्या आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. हा जंतू ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये शोधला आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा जंतू सापडेपर्यंत जगभरचे डॉक्टरसुद्धा ताण आणि तिखटालाच दोष देत होते, तेव्हा आईंचं काय चुकलं? तुम्ही रिपोर्टचा फोटो पाठवलाय त्यात या जंतूची तपासणी "निगेटिव्ह" आहे. त्यावर निर्धास्त राहू नका. रक्त वाहत असताना आणि ॲसिडचं औषध चालू असताना ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा की ती पुन्हा कधी आणि कशी करायची. शौचाच्या नमुन्यावर किंवा श्वासावरही होते. जंतू सापडला तर साधारण १४ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स असतो, आणि तो संपल्यावर जंतू गेल्याची खात्री करून घ्यायची असते. बरेच लोक ही शेवटची पायरी गाळतात.

आता त्या रात्रीबद्दल, कारण पत्रातली सर्वात मोठी जखम तीच दिसते. भावाचं म्हणणं मी दोनदा वाचलं. आत रक्त वाहतंय आणि बाहेर नुसती सलाईन चालू आहे, हे बघणाऱ्याला डॉक्टर हातावर हात ठेवून बसलेत असंच वाटणार. पण बीपी पडलेल्या, अंगात रक्त नसलेल्या माणसाला गुंगी देऊन घशात दुर्बीण घालणं जिवावर बेतू शकतं. पोटात साठलेलं रक्त उलटून श्वासनलिकेत जातं, त्यातून कॅमेऱ्याला समोर नुसता लाल अंधार दिसतो. म्हणून आधी दोन्ही हातांना जाड सुया, सलाईन, रक्तगट जुळवून रक्त, ॲसिड दाबणारं इंजेक्शन. कधी कधी पोटातलं पुढे ढकलून ते रिकामं करणारं एरिथ्रोमायसिनही अर्धा-एक तास आधी देतात. हे सगळं उपचारच आहेत. हाँगकाँगमध्येच ५१६ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. सगळे जास्त धोक्यातले, पण सलाईन-रक्ताने सावरलेले. काहींना सहा तासांच्या आत दुर्बीण घातली, काहींना सहा ते चोवीस तासांमध्ये. घाई केल्याने जास्त जीव वाचले नाहीत. म्हणून आज नियम आहे तो चोवीस तासांच्या आत. रक्त देऊनही ज्याचं बीपी सावरतच नाही, त्याच्यासाठी हिशेब वेगळा. त्याला थांबवून ठेवत नाहीत. आबा पहाटेपर्यंत सावरले होते असं तुम्हीच लिहिलंय.

"दोनच पिशव्या का?" हाही भावाचा प्रश्न तुम्ही कोपऱ्यात लिहिलाय. कारण जास्त रक्त म्हणजे जास्त फायदा, असं इथे नसतं. हिमोग्लोबिन साधारण ७ च्या खाली गेल्यावरच रक्त देणं बहुतेकांना मानवतं. हृदयाचा आजार असेल तर ही रेषा ८ च्या आसपास धरतात. गरजेपेक्षा जास्त भरलं तर शिरांमधला दाब वाढतो.

आणि परळ. शनिवारी रात्री चक्कर येऊन पडलेल्या माणसाला गाडीत घालून खाडीपूल ओलांडून तासभर न्यायचं, वाटेत ना सलाईन ना रक्त, यापेक्षा दहा मिनिटांवरच्या हॉस्पिटलात नेलंत तेच बरोबर होतं. भावाला हे उत्तर वाचून दाखवा. तुमच्या घराकडून उशीर झाला तो त्या आधीच्या चार दिवसांत, काळं होत होतं तेव्हा. मी हे दोष द्यायला सांगत नाही. आबांच्या पिढीतला माणूस संडासबद्दल लेकीशी बोलत नाही, हे मला पेशंटच्या घराघरांत दिसतं. म्हणून आता विचारायची जबाबदारी तुमची. अडखळत का होईना, विचारा.

काळं म्हणजे कसं, हे नीट समजून घ्या, कारण आबांना आता लोहाच्या गोळ्या दिल्या असणार आणि त्यांनीही शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो. तो रंग घाबरण्यासारखा नाही. रक्ताचं काळं वेगळं असतं: डांबरासारखं चकचकीत, चिकट, भांड्याला धरून बसणारं, एका पाण्याने न जाणारं. आणि त्याला एक उग्र वास असतो, तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. रक्त वरच्या पोटातून आतड्यांमधून खाली येईपर्यंत पचतं, म्हणून ते लाल राहत नाही.

आता क्लिपांकडे वळू. मी तुम्हाला दुर्बिणीच्या खोलीत घेऊन जाते, कारण जे दिसत नाही त्याचीच भीती जास्त वाटते. पेशंट डाव्या कुशीवर असतो, घशात सुन्न करणारा फवारा मारलेला, दातांत प्लॅस्टिकची कडी. करंगळीएवढ्या जाडीची काळी नळी अन्ननलिकेतून जठरात, तिथून पुढे वळण घेऊन लहान आतड्याच्या तोंडाशी जाते. पडद्यावर गुलाबी भिंत सरकत असते आणि मग अचानक एक पांढरट खड्डा येतो. तुमच्या रिपोर्टवर "फॉरेस्ट २अ" लिहिलंय. एडिंबरोच्या डॉक्टर फॉरेस्ट यांनी १९७४ साली अल्सरची ही वर्गवारी मांडली. आजही त्या क्षणी आम्ही तीच लावतो. रक्ताची चिळकांडी उडत असेल तर १अ, झिरपत असेल तर १ब, रक्त थांबलंय पण खड्ड्याच्या तळाशी रक्तवाहिनीचं तोंड मिरीच्या दाण्यासारखं वर आलंय तर २अ. तळ स्वच्छ पांढरा असेल तर ३, आणि अशा माणसाला बहुधा औषधांवरच लवकर घरी सोडता येतं. आबांचं रक्त त्या क्षणी थांबलेलं होतं, पण ती मिरी तशीच सोडली तर पुन्हा फुटण्याची शक्यता खूप. जुन्या अभ्यासांत उपचार न केलेल्या अशा १०० पैकी साधारण ४० जणांना पुन्हा रक्त गेलं होतं.

म्हणून आधी दुर्बिणीच्या नळीतून बारीक सुई पुढे करून त्या मिरीच्या चहूबाजूंनी पातळ केलेलं ॲड्रेनलिन टोचतात. डोळ्यांदेखत भिंत फुगते आणि पांढरी पडते, कारण आतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पण हा परिणाम काही काळाने ओसरतो, म्हणून नुसत्या इंजेक्शनवर कधी थांबायचं नसतं. जोडीला क्लिप लावतात किंवा त्या जागेला उष्णतेने डाग देतात. क्लिप म्हणजे धातूचा एवढासा चिमटा. तो मिटलेला आत जातो, जागेवर उघडतो, डॉक्टर तो फिरवून रक्तवाहिनीच्या बरोबर दोन्ही बाजूंना टेकवतात, "क्लोज" म्हणतात, शेजारची सिस्टर मुठीतलं हँडल दाबते. दोन पाकळ्या मिटतात आणि रक्तवाहिनी मध्ये चिमटली जाते. दुसरी क्लिप पहिलीला लागून. हे बरोबर बसलं की खोलीतल्या सगळ्यांचा श्वास मोकळा होतो, तीस वर्षं केलेलं असलं तरी.

क्लिपा कायमच्या नसतात. खालची जखम भरत आली की त्या आपोआप सुटून शौचावाटे जातात, बहुतेक काही आठवड्यांत, कधी महिनोन्महिने टिकतात. काढाव्या लागत नाहीत, टोचत नाहीत, जाताना कळतही नाहीत. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कुठेही एमआरआय करायची वेळ आली, अगदी गुडघ्याचा असला तरी, आधी सांगा की पोटात क्लिपा लावलेल्या आहेत आणि कार्ड दाखवा. काही क्लिपा एमआरआयला चालतात, काही चालत नाहीत. रेडिओलॉजीवाले क्लिपेचं नाव बघून किंवा आधी साधा एक्स-रे काढून ठरवतील.

शेजारच्या काकांचं दुखणं मुळातच निराळं. त्यांना अल्सर नसणार. लिव्हर कडक झालं की पोटातून लिव्हरकडे जाणाऱ्या रक्ताची वाट अडते, दाब वाढतो, आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या शिरा फुगतात. त्यातली एक फुटली की भडाभडा लाल रक्त येतं. तिथे दुर्बिणीच्या टोकाला एक टोपी बसवतात, फुगलेली शीर त्या टोपीत ओढून घेतात आणि वरून रबराचं कडं सोडतात. शीर मुळाशी आवळली जाते, काही दिवसांत सुकून बँडसकट गळून पडते. सगळ्या शिरा एका बैठकीत संपत नाहीत, म्हणून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा बोलावतात. या आजारात दाब कमी करणारं टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड दुर्बिणीच्या आधीच सुरू करतात, शिवाय अँटिबायोटिक, आणि पुढे प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखी गोळी. शिरा जठराच्या वरच्या भागात असतील तर बँड नीट बसत नाही, तिथे शिरेत एक गोंद सोडतात, जो रक्ताला लागताच घट्ट होतो. काकांनी तारखा चुकवू नयेत, एवढं त्यांना सांगा. आणि सोसायटीत कुणी "दारू पीत असणार" म्हणत असेल तर थांबवा. लिव्हर साखरेच्या आजाराने, चरबीने, कावीळ बी आणि सीनेही कडक होतं.

पुन्हा होईल का? सर्वात जास्त धोका पहिल्या ७२ तासांत असतो. म्हणूनच आबांना तीन दिवस ॲसिड दाबणारं औषध शिरेतून चालू ठेवलं होतं. ॲसिडमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, विरघळते. ते दिवस निभावले. पुढचं बरंचसं तुमच्या घरात ठरणार आहे: ॲसिडची गोळी कार्डावर लिहिल्याप्रमाणे सकाळी उपाशीपोटी, बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही, आणि ॲस्पिरिन चालू आहे तोवर ती सहसा चालूच ठेवतात. तंबाखूची मशेरी किंवा बिडी असेल तर सोडवा, धूम्रपानाने अल्सर भरायला वेळ लागतो. सर्व सांभाळूनही पुन्हा रक्त गेलंच तर वाटा संपलेल्या नसतात. दुसऱ्यांदा दुर्बीण घालता येते, मोठी क्लिप लावता येते, वाहत्या जागेवर रक्त गोठवणारी पावडर फवारता येते. तेही जमलं नाही तर मांडीच्या किंवा हाताच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून ती धमनी आतून बंद करतात. ऑपरेशनपर्यंत आता फार थोडे पोहोचतात.

तशी वेळ आली तर मात्र चार दिवस काय, चार तासही थांबू नका. डांबरासारखं काळं, रक्ताची किंवा चोथ्यासारखी उलटी, उभं राहिल्यावर अंधारी, थंड घाम, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन. तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका. डाव्या कुशीवर झोपवा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून सोबत न्या, कारण रात्री दोन वाजता कुणालाच नावं आठवत नाहीत. आणि आज दिवसाउजेडीच चौकशी करून ठेवा की घराजवळच्या कोणत्या हॉस्पिटलात आयसीयू, रक्ताची सोय आणि रात्री दुर्बीण घालणारा माणूस, हे तिन्ही आहे. खर्चाचं विचारायला तुम्हाला संकोच वाटला असावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे रेशन कार्ड आणि आधार घेऊन आताच विचारून ठेवा.

राहिले गुडघे. गोळ्या काढून घेतल्या आणि दुखणं तसंच ठेवलं, तर आबा नातवाला दहा रुपये देऊन गुपचूप पाकीट मागवतील, हे मी पाहिलेलं आहे. तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल ठरवून घ्या, गुडघ्याला चोळायचं मलम, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज, आणि चालताना काठी. गावाकडून कुणी "गुडघ्याचं हमखास चूर्ण" आणलं तर नको म्हणा. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा दुखण्याचीच गोळी कुटून घातलेली निघते. ज्या मेडिकलमधून गोळी येत होती तिथे स्वतः जाऊन सांगा की आबांना अल्सर झाला होता, चिठ्ठीशिवाय काही देऊ नका.

हिमोग्लोबिन महिन्याभराने परत तपासा आणि आकडा मला कळवा. आबांना हाडांच्या डॉक्टरांकडे न्याल तेव्हा डिस्चार्ज कार्ड खिशात असू द्या, आणि ते गुडघ्यासाठी काही लिहून द्यायला लागले की ते आधी टेबलावर ठेवा.